शाळा म्हणते, ‘दाखला घेऊन जा’

प्रश्न : माझा मुलगा राज्य मंडळाच्या खासगी शाळेत सातवीत शिकतो. आम्ही अनुसूचित जातीचे आहोत. वर्गातील चार मुले त्याला जातीवरून हिणवतात, डबा खाताना शेजारी बसू देत नाहीत. परवा त्याच्या गणिताच्या वहीवर जातीचे नाव लिहिले. वर्गशिक्षिकेने त्यालाच शेवटच्या बाकावर हलवले. मुख्याध्यापक म्हणतात, मुलांची थट्टा आहे, पटत नसेल तर दाखला घेऊन जा. मुलांवर ॲट्रॉसिटी दाखल करावी का?

उत्तर : ताई, सर्वांत आधी एक गोष्ट. दाखल्यासाठी अर्ज देऊ नका आणि ‘आमची तक्रार नाही’ अशा मजकुरावर सही करू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पालकाकडूनच अर्ज लिहून घेऊन त्याला घालवणे ही त्या कलमाला दिलेली बगल आहे.

चारचौघांसमोर मुद्दाम केलेला जातीवाचक अपमान अत्याचार प्रतिबंधक (ॲट्रॉसिटी) कायद्याच्या कलम ३(१) खाली गुन्हा आहे, याबद्दल शंका नको. मात्र समोरची मुले बारा-तेरा वर्षांची असल्याने बाल न्याय कायदा लागू होतो. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार गुन्हा अतिगंभीर स्वरूपाचा नसेल आणि त्यात प्रौढही सामील नसेल, तर बालकावर एफआयआर न नोंदवता पोलीस स्टेशन डायरीत नोंद करून प्रकरण बाल न्याय मंडळापुढे ठेवतात. हा मार्ग बंद नाही, परंतु माझ्या मते आपला रोख त्या चार मुलांपेक्षा शाळेवर असावा, कारण छळ झालेल्या मुलालाच मागच्या बाकावर बसवणे म्हणजे भर वर्गात त्यालाच शिक्षा देणे होय, आणि हा निर्णय मुलांचा नव्हे, मोठ्या माणसांचा आहे.

शाळांमधील अशा छळासाठी देशात स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. केंद्रीय मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, २०१५ मध्ये परिपत्रक काढले, पण ते त्याच्याच शाळांपुरते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० भेदभाव आणि छळाच्या तक्रारींसाठी सुरक्षित यंत्रणा हवी असे म्हणते, तरीही धोरण दाखवून मुख्याध्यापकांना जाब विचारता येत नाही. ही पोकळी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, एका विद्यार्थिनीच्या मृत्यूसंबंधीच्या सुकदेब साहा प्रकरणात, बऱ्याच अंशी भरून काढली. कायदा होईपर्यंत बंधनकारक असलेल्या त्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जात, वर्ग, लिंग, लैंगिक कल, अपंगत्व, धर्म किंवा वंश यांवरून होणाऱ्या छळाची दखल घेण्यासाठी प्रत्येक शिक्षणसंस्थेत, शाळांतही, अंतर्गत समिती किंवा नियुक्त अधिकारी हवा, तक्रारदारावर सूड उगवला जाता कामा नये, आणि वेळेवर कारवाई न करणे, विशेषतः त्यातून विद्यार्थ्याने स्वतःला इजा करून घेतली तर, संस्थेचा दोष मानला जाईल.

महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदाही हाताशी ठेवा. त्यातील ‘शैक्षणिक संस्था’ ही व्याख्या महाविद्यालयांवर थांबत नाही. लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. तो हयगय करील तर त्याने रॅगिंगला चिथावणी दिली असे कायदा मानतो. या कलमाचा उल्लेख असलेला अर्ज सहसा टेबलाच्या खणात पडून राहत नाही.

म्हणून अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे लिहा, तारखा आणि शब्द जसेच्या तसे नमूद करा, समितीची मागणी करा, मुलाची जागा पूर्ववत करण्यास सांगा, आणि प्रतीवर शिक्क्यासह आवक क्रमांक घ्या. पोच नाकारली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. दाद मिळाली नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे (महापालिका, नगरपरिषद किंवा जिल्हा परिषद) तक्रार करता येते; तेथे तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित असून त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. शिक्षणाधिकाऱ्यांना या तक्रारीची प्रत द्या.

वहीचे ते पान फाडू नका, खोडू नका. फोटो काढा, वही घरी जपून ठेवा आणि मुलाला गणितासाठी नवी वही घेऊन द्या.