स्टॉकहोमच्या हिवाळ्यात मन फार उदास होतं. बाहेर धावल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो. पण तुम्ही आत्ता ज्या वेळी आणि जिथे धावताय, तिथे फारसा पडणार नाही.

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये पुण्याहून आलात, नोव्हेंबर लागला तशी सकाळी उठवेनासं झालं, सारखं गोड खावंसं वाटतं, आणि कुणी सुचवलं म्हणून रोज संध्याकाळी सहाला जिममध्ये ट्रेडमिलवर धावताय, तरी मन काही थाऱ्यावर येत नाही. व्यायामाचा फायदा आहेच, तो सोडू नका. पण ही लक्षणं बघता कमतरता उजेडाची वाटते, आणि जिमच्या ट्यूबलाइटखाली ती भरून निघत नाही.

हिशोब बघा. डिसेंबरात पुण्याचा दिवस अकरा तासांचा असतो, इथे जेमतेम सहा. पावणेनऊला उजाडतं, पावणेतीनला मावळतं, आणि भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाच्या सात अंश वर, म्हणजे समोरच्या इमारतीमागेच. ऑफिसातला उजेड साधारण ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक). बाहेर मळभ असलं तरी दुपारी त्याच्या काही पट मिळतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी निव्वळ उजेड मोजून मेंदूतल्या घड्याळाला कळवत असतात. त्यांना नीट उजेड मिळाला नाही की झोप, भूक, उत्साह सगळंच मागे सरकतं. उजेड कमी झाला की दर हिवाळ्यात येणाऱ्या या उदासीच्या आजाराला १९८४ साली ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ असं नाव देणारा डॉक्टर नॉर्मन रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेला होता. उन्हात वाढलेल्या माणसाला ते जाणवलं, याचं मला नवल वाटत नाही.

तेव्हा धावायचं ते जेवणाच्या सुट्टीत. कॅलेंडरमध्ये साडेअकरा ते साडेबारा अडवून टाका. इथे कुणी भुवया उंचावत नाही, उलट लिफ्टमध्ये टाइट्स घातलेला मॅनेजर भेटेल. डबा नंतर डेस्कवर खा. सिटी हॉलपासून नॉर मेलारस्ट्रांडने रोलाम्बसहोव पार्कपर्यंत जाऊन या, चारेक किलोमीटर होतात. हा काठ दक्षिणेकडे तोंड करून आहे, समोर मोकळं पाणी. ऊन असलंच तर ते थेट तोंडावर येतं आणि पाण्यावरूनही येतं. गॉगल घालू नका. वेग विसरा, बोलता येईल इतकंच पळा, दम लागला तर चाला. उजेड चालणाऱ्यालाही तेवढाच मिळतो.

कपड्यांचं म्हणाल तर आपल्याकडचा सुती टी-शर्ट घरीच ठेवा. घामाने भिजला की वाऱ्यात तो गार पडतो आणि परतीच्या वाटेवर हुडहुडी भरते. आत लोकरीचा पातळ थर, वर वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे. दारातून बाहेर पडताना थोडी थंडी वाजली पाहिजे, नाहीतर पाच मिनिटांत घामाघूम व्हाल. खरा खर्च बुटांचा. थंडीपेक्षा निसरडं वाईट, विशेषतः बर्फ वितळून रात्री पुन्हा गोठतो तेव्हा. तळाला लोखंडी खिळे असलेले बूट मिळतात, तेच घ्या. (कंपनी व्यायामासाठी देते त्या फ्रिस्कवोर्ड भत्त्यातून जिमची फी निघते, बूट निघत नाहीत. असो.) उणे पंधराच्या खाली मी सरळ घरी बसतो.

दोन गोष्टी धावण्यातून मिळणार नाहीत. एक, व्हिटॅमिन डी: हिवाळ्यातलं इथलं ऊन इतकं तिरपं की कातडीत ते तयारच होत नाही. त्यामुळे रक्त तपासून गोळी घ्या. दुसरं, मीटिंगांमुळे दुपार हुकते त्या दिवसाचा उजेड. त्यासाठी १०,००० लक्सचा दिवा सकाळी अर्धा तास समोर ठेवून चहा पीत बसा. पण डोळ्यांचा काही त्रास असेल किंवा मूड कधी टोकाला चढत असेल, तर दिव्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि दोन-तीन आठवडे हे करूनही उठवत नसेल, कामात लक्ष लागत नसेल, तर ११७७ ला, म्हणजे इथल्या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला फोन करा, इंग्रजीत बोलता येतं. ते तुम्हाला वोर्डसेंट्रालकडे, म्हणजे जवळच्या आरोग्य केंद्राकडे पाठवतील. जगणंच नकोसं वाटायला लागलं तर मात्र दोन-तीन आठवडे थांबायचं नाही, त्याच क्षणी ११२, हा इथला आणीबाणीचा नंबर.