खानापूर तालुक्याची लोकसंख्या खरोखर घटली का?

प्रश्न : शाळेच्या भूगोल प्रकल्पासाठी आम्ही 2001 आणि 2011 च्या जनगणनेवरून सांगली जिल्ह्यातील लोकसंख्यावाढीचा तालुकानिहाय नकाशा काढत आहोत. त्यात खानापूर तालुक्याची लोकसंख्या फार मोठ्या प्रमाणावर घटलेली दिसते आणि कडेगावचा जुना आकडाच सापडत नाही. असे का व्हावे?
– एक भूगोल शिक्षिका, विटा

उत्तर : खानापूर तालुका ओस पडलेला नाही, त्याची हद्द बदलली आहे. कडेगाव तालुका खानापुरातूनच वेगळा काढण्यात आला, त्यामुळे आपल्याकडील 2001 चा आकडा जुन्या, मोठ्या खानापूरचा आहे आणि 2011 चा उरलेल्या खानापूरचा. जिल्ह्याच्या पातळीवरही हीच अडचण येते. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व 1960 मध्ये त्याचे नाव सांगली झाले, म्हणून 1941 चा सातारा आजच्या साताऱ्याशी थेट ताडून पाहता येत नाही.

खानापूर आणि कडेगाव यांची 2011 ची लोकसंख्या एकत्र करून नकाशावर एकच तुकडा दाखवणे, हा सोपा मार्ग झाला. मात्र कडेगाव तालुक्यातील गावांची 2011 ची यादी समोर ठेवून त्याच गावांचे 2001 चे आकडे जुन्या खानापूरच्या तक्त्यातून वेचून त्यांची बेरीज करणे अधिक चांगले, आणि मुलांकडून हेच करून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. 2011 मध्ये प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिलेला आहे. 2001 चे संकेतांक निराळे असल्यामुळे गावांची जुळणी एकेक करून तपासावी लागेल.

नकाशात छटा वाढीच्या दराला द्यावी, एकूण लोकसंख्येला नव्हे. दहा वर्षांतील वाढ पहिल्या आकड्याने भागून शंभराने गुणली की दर मिळतो. सांगली जिल्हा 25,83,524 वरून 28,22,143 वर गेला, म्हणजे वाढ 9.24 टक्के झाली. साताऱ्याची वाढ 6.93 टक्के आणि राज्याची 15.99 टक्के होती. त्यामुळे राज्याच्या नकाशासाठी पाडलेले गट जसेच्या तसे उचलू नयेत. घटीसाठी वेगळा रंग राखून ठेवावा, कारण याच दशकात शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या खरोखरच कमी झाली.

आकड्यांमागची माणसेही मुलांना सांगावीत. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात, म्हणजे ऐन गळीत हंगामात झाली. त्या संपूर्ण काळात जो माणूस घरी नव्हता, तो जिथे सापडला तिथे मोजला गेला. जतसारख्या तालुक्यातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे किंवा आपल्या विट्याच्या परिसरातून गलाईच्या (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) व्यवसायासाठी परराज्यांत स्थायिक झालेले लोक आपापल्या गावाच्या आकड्यात नसणार, हे नकाशाखालच्या टिपेत अवश्य लिहावे.