सील तीनदा बदललं, तरी स्टिअरिंग बॉक्स गळतोच

पाऊस लागला की जुन्या ट्रकवाल्यांचे मेसेज सुरू होतात, आणि दर वर्षी तेच, पॉवर स्टिअरिंगच्या बॉक्समधून ऑइल गळतंय. म्हणून एकदाच सगळ्यांना सांगतो.

प्रश्न : ऑइल कमी झालं की ब्रेक ऑइल टाकलं तर चालतं का? वडाळ्याला सगळे टाकतात.

नाही. स्टिअरिंगची रबरं त्यात फुगून मऊ पडतात. टाकलंच असेल तर गाडी चालवू नका, मिस्त्रीला बोलवून आधी सिस्टिम साफ करून घ्या.

प्रश्न : वर्षात तीनदा बॉक्सचं सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, बदललं, महिन्याभरात परत ठिबकतं. सीलच डुप्लिकेट मिळतंय का?

सीलला शिव्या देण्याआधी सांगा, तीन वेळा बॉक्स उघडला त्यात शाफ्ट कोणी बघितला का? ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्समधून चाकांच्या दांडीला ढकलणारा हात, ज्या शाफ्टवर बसतो त्यावर सीलची कड वर्षानुवर्षं एकाच जागी घासते, तिथे खाच पडते, आणि मुंबईच्या दमट हवेत खालून पाणी शिरलं की गंजाचे खड्डेही पडतात. शाफ्टवरून आडवं नख फिरवा, नख अडकलं तर नवं सील त्याच खाचेत बसणार आणि परत गळणार, मग सील कुठल्याही कंपनीचं आणा. दुसरं म्हणजे बुश, शाफ्टला आत आधार देणारी नळी. शाफ्ट आडवा हलत असेल तर बुश गेलाय, हलत्या शाफ्टवर सील टिकेल कसं?

खाच बारीक असेल तर जाणकार मिस्त्री सील किंचित आत-बाहेर बसवून कड नव्या जागेवर आणतो, तेवढी जागा असेल तर. खोल असेल तर शाफ्टच बदला. लेथवाला म्हणेल वेल्डिंग भरून खरादून देतो, स्वस्तात काम होईल. अजिबात करू नका, हा हार्डन केलेला पार्ट आहे, वेल्डिंगच्या उष्णतेने कमकुवत होतो आणि तुटला तर चाकं वळणारच नाहीत. कुर्ल्याहून जुना बॉक्स आणणार असाल तर तोही उघडून बघा, आत तीच खाच असू शकते. ड्रॉप आर्म पुलरनेच काढा, हातोडा नको, आणि काढण्याआधी खूण करा. वरचा अॅडजस्टिंग स्क्रू घरी पिळू नका, जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग सुटून सरळ येत नाही. एवढं सगळं हायड्रॉलिक स्टिअरिंगचंच काम करणाऱ्याकडून करून घ्या.

प्रश्न : गळती बंद करणारी बाटली मिळते ती कशी?

दुकानदाराला चांगली. रबर थोडं फुगतं, काही दिवस बरं वाटतं, शाफ्टची खाच भरत नाही.

प्रश्न : नवं किट टाकल्यापासून पंप गुणगुणतो, ऑइलला फेस येतो.

हवा राहिलीय. पुढची चाकं जॅक लावून स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा, मधे मधे ऑइल भरा, मग आयडलवर हेच करा. टोकाला नेऊन धरून ठेवू नका, पंप तापतो. फेस गेला नाही तर टाकीतून पंपाकडे येणाऱ्या सक्शनच्या पाइपाचा जोड कुणाला तरी दाखवा.

प्रश्न : प्रेशरचा होज बारीक फवारतोय, क्लिप मारू का?

क्लिप फक्त परतीच्या पाइपाला चालते. प्रेशर लाइनमध्ये हजार पीएसआयच्या वर दाब जातो, प्रेसने टोकं दाबून बसवलेला (क्रिंप केलेला) नवा होजच लागतो. आणि फवारा कुठून येतो ते बोटाने कधीच शोधू नका, पुठ्ठा धरा. ऑइल कातडीत घुसलं तर वरून टोचल्यासारखं दिसतं पण आतून हात सडतो, दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल.

प्रश्न : दिवाळीपर्यंत ऑइल टाकत चालवलं तर?

तुमचं ऑइल ओल्या रस्त्यावर पडतं, मागून बाइकवाला येतो. या आठवड्यात दाखवा.