पेरू आणि टोमॅटोवरच्या सूत्रकृमींची मापे जुळत नाहीत

प्रश्न : पेरूच्या बागेतून आणि शेजारच्या टोमॅटोतून मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी काढले. दुसऱ्या अवस्थेतील पिल्लांची सरासरी लांबी पेरूत ४२५ मायक्रॉन भरली, टोमॅटोत ३८५. या दोन जाती समजायच्या का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा या एकाच जातीची पिल्ले साधारण ३५० ते ४५० मायक्रॉनची सापडतात. शिवाय पिकानुसार आणि पिल्ले मारण्याच्या पद्धतीनुसार माप बदलते. आधी दोन्ही समूह एकाच पिकावर वाढवा. निर्जंतुक मातीच्या कुंडीत पुसा रुबी टोमॅटोचे रोप लावून त्याच्या मुळाशी एकच अंडीपुंज सोडा. एकाच मुळावर दोन जाती सहज नांदतात, म्हणून पुंज एकच हवा. पण शेतामागे पाच-सहा पुंज घेऊन प्रत्येकाची कुंडी वेगळी ठेवा. नाहीतर शेताच्या नावावर एका मादीची संतती मोजली जाईल. ४५ ते ५० दिवसांत पुरेशी पिल्ले मिळतात.

दोन्हीकडची पिल्ले एकाच पद्धतीने, ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्याने मारा. प्रत्येक कुंडीतली किमान वीस मोजा. लांबीसोबत शेपूट आणि तिच्या टोकाचा पारदर्शक भागही मोजा. तो भाग नेमका कुठे सुरू होतो यावर दोघांचे एकमत क्वचितच होते, म्हणून सगळी मोजणी एकाच व्यक्तीने करावी.

प्रश्न : जात ओळखण्यासाठी पाहायच्या मादीच्या मागच्या भागावरच्या रेषा धूसर दिसतात. काय चुकते?

उत्तर : बहुतेक वेळा आतला गर राहिलेला असतो. अंडी घालू लागलेली पांढरी, मोत्यासारखी मादी घ्या. ४५ टक्के लॅक्टिक आम्लाच्या थेंबात तिचा मागचा भाग कापा, बारीक केसाने गर हलकेच झाडा आणि तुकडा बाहेरची बाजू वर ठेवून ग्लिसरीनमध्ये मांडा.

मेलॉयडोगायनीच्या जावानिका जातीत दोन्ही बाजूंना जाणाऱ्या ठळक रेषा वरच्या आणि खालच्या वळ्यांची फाळणी करतात. इन्कॉग्निटात त्या नसतात. तिच्या नक्षीची कमान उंच, चौकोनी आणि वळ्या नागमोडी असतात. पेरूवर मात्र इथेच फसगत होते. मेलॉयडोगायनीच्याच एन्टेरोलोबी या तिसऱ्या जातीची नक्षी इन्कॉग्निटासारखीच दिसू शकते आणि ही जात या सूत्रकृमींना रोखणारे एमआय जनुक असलेल्या प्रतिकारक टोमॅटोवरही वाढते. पेरूच्या नमुन्याची एस्टरेज (एक विकर) किंवा डीएनए चाचणी केल्याशिवाय जातीचे नाव लिहू नका.