साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलंय, ऑपरेशनशिवाय जुळेल का?

हो, जुळतं, सहा महिने ते पाच वर्षं या वयात बहुतेकदा ऑपरेशन लागतच नाही. भूल देऊन हाड सरळ करतात आणि छातीखालपासून पायापर्यंत स्पायका प्लास्टर घालतात, साधारण चार ते सहा आठवडे. एक्स-रेत हाडाची टोकं सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर एकमेकांवर चढलेली दिसली तरी घाबरू नका. या वयात मोडलेलं हाड पुढच्या वर्ष-दोन वर्षांत जरा जास्तच वाढतं आणि टोकं चढल्यामुळे पायाची कमी झालेली लांबी भरून निघते. मुलांच्या हाडांच्या वॉर्डात नर्स आहे म्हणून सांगते, खरी कसरत शी-शूची: लहान मापाचा डायपर प्लास्टरच्या आत खोचायचा, वरून मोठा बांधायचा, म्हणजे कडा भिजत नाहीत. पायाची बोटं निळी किंवा गार पडली, रडणं थांबेना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. मात्र हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, सोबत दुसरी मोठी इजा असेल किंवा पाय दोन सेंटीमीटरहून जास्त आखूड झाला असेल, तर नुसतं प्लास्टर पुरेलच असं नाही; तिथे आधी ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून पाय ताणून ठेवणं, नाहीतर ऑपरेशन.