जून आला की ठग पण ॲडमिशन घेतात

या वेळची पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती, फसवणारे लोक युनिव्हर्सिटीचं वेळापत्रक आपल्या पोरांपेक्षा नीट पाळतात. सीईटीचा निकाल लागला की सीट विकणारे येतात, कॉलेज सुरू व्हायच्या तोंडावर रूम देणारे, मग स्कॉलरशिपचे फॉर्म निघाले की 'खातं व्हेरिफाय करा'वाले, आणि दिवाळीनंतर इंटर्नशिपवाले. ज्या महिन्यात पोराला जे हवं असतं तेच हातात घेऊन दारात उभे. त्यामुळे 'आमचं कोण फसवणार, आम्ही हुशार' हे जरा बाजूला ठेवून वाचा.

ताई, मुलीला सीईटीत कमी पर्सेंटाइल पडले. ओळखीतून एकाचा नंबर मिळाला, तो म्हणतो खारघरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मॅनेजमेंटची सीट करून देतो, आत्ता पन्नास हजार टोकन आणि ओरिजिनल मार्कशीट, एलसी द्या, बाकीचे नंतर कॅश. मिस्टर म्हणतात देऊन टाकू, सीट जाईल. काय करू?
एक आई, कळवा

पैशांचं नंतर बोलू, आधी ओरिजिनल कागद कोणाच्याही हातात देऊ नका. कागद त्याच्याकडे गेले की तुम्ही अडकलात, उद्या राउंडमध्ये दुसरीकडे नाव लागलं तरी रिपोर्टिंगला दाखवायला काही नाही आणि मग तो मागेल तेवढे मोजावे लागतात. खुद्द कॉलेजनेसुद्धा ओरिजिनल बघून लगेच परत द्यायचे असतात, यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, २०१८ मध्ये तसं पत्रक निघालंय, मग हा कोण लागून गेला?

इन्स्टिट्यूट लेव्हलच्या, म्हणजे तो म्हणतो त्या मॅनेजमेंटच्या, जागा असतात हे खोटं नाही, म्हणूनच तर हे लोक खपून जातात. पण कॉलेजने त्या जागांसाठी जाहिरात देऊन अर्ज मागवायचे आणि मेरिटने भरायच्या. फी किती ते फी नियामक प्राधिकरण ठरवतं, कॉलेजवार आकडे त्यांच्या साइटवर असतात. त्याच्या वर गुपचूप कॅश घेणं म्हणजे कॅपिटेशन फी, आणि त्याच्याविरुद्ध महाराष्ट्रात १९८७ पासून कायदा आहे. म्हणजे तो माणूस खरा निघाला तरी गुन्हाच. यांची जुनी युक्ती सांगते, दहा जणांकडून टोकन घ्यायचं आणि काहीही करायचं नाही, त्यातल्या दोघातिघांना मेरिटवर आपसूक सीट मिळतेच, त्यांचे पैसे खिशात, बाकीच्यांना 'वरून झालं नाही हो' सांगत वर्षभर फिरवायचं. ज्यांना सीट मिळाली ते पुढे चार जणांना याचाच नंबर देतात! तुम्हाला नंबर बहुतेक असाच आला असेल.

मिस्टरांना म्हणा उद्या ठाण्याहून पनवेल लोकल पकडा, खारघरला उतरा आणि थेट ॲडमिशनच्या खिडकीवर जाऊन विचारा. कँटीनमध्ये बसवून 'सरांशी बोलणं झालंय' म्हणणारा नको. पैसे कॉलेजच्या नावाने, पावती घेऊन. डीम्ड युनिव्हर्सिटी असेल तर तिची प्रवेशाची पद्धत वेगळी असते, ती तिच्या स्वतःच्या साइटवर वाचा, आणि नाव कधी ऐकलंच नसेल तर यूजीसीच्या साइटवर बोगस विद्यापीठांची यादी आहे ती चाळा.

ताई मी जळगावचा, नेरूळला ॲडमिशन झालंय. ऑनलाइन सीवूड्सला वन बीएचके बघितला, भाडं नऊ हजार. मालक आर्मीत आहे, पोस्टिंग झाली म्हणून घाईत देतोय. आधार, कँटीन कार्ड, युनिफॉर्मवरचा फोटो सगळं पाठवलं त्याने. आता सोसायटीच्या गेट पाससाठी पाच हजार रिफंडेबल मागतोय. मित्र म्हणतो फ्रॉड आहे, मला माणूस चांगला वाटतो. फ्लॅटचे फोटो जोडतोय.
फर्स्ट इयर, बीएस्सी आयटी

मित्राला चहा पाज. तू जोडलेला तिसरा फोटो झूम कर, बेडच्या डाव्या हाताला भिंतीवर प्लग पॉइंट आहे, त्याची भोकं बघ, चपटी चौकोनी आहेत, आपल्याकडे गोल असतात. आणि हॉलच्या खिडकीखाली पांढरं, पट्ट्यापट्ट्यांचं लोखंडी काहीतरी दिसतंय ना, तो रूम गरम करायचा हीटर आहे. सीवूड्सला हीटर! पंखा बंद झाला तर जीव जातो तिथे.

कार्डं खरी असतील पण त्याची नसतील, आधी फसलेल्या कोणीतरी विश्वासाने पाठवलेली असतात तीच पुढे फिरतात. तूही त्याला तुझं आधार पाठवलंयस का? पाठवलं असेल तर आधारच्या साइटवर बायोमेट्रिक लॉक करून टाक आणि संचार साथी या सरकारी साइटवर तुझ्या नावाने किती सिम चालू आहेत ते बघ, अनोळखी नंबर दिसला तर तिथेच रिपोर्ट करता येतो. गेट पासचे पाच हजार दिलेस की पुढची पायरी ठरलेली आहे, 'रिफंड आर्मीच्या अकाउंटमधून येतो, हा क्यूआर स्कॅन कर आणि पिन टाक'. यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे तुझेच गेले.

रूम डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही, त्यासाठी दोन दिवस ये, सीनियर्सकडे टेक. कोपरखैरण्याच्या रो हाउसमध्ये आणि नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगांत पेइंग गेस्ट भरपूर मिळतात. मालकाकडे महावितरणचं बिल आणि सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल माग, दोन्हीवर एकच नाव हवं, आणि खाली उतरताना वॉचमनला दोन मिनिटं बोलतं कर, त्याला मालकापेक्षा जास्त माहिती असते. मग करार. 'अकरा महिन्यांचाच आहे, रजिस्टर करायची गरज नाही' असं दलाल तोंड वर करून सांगतात, आपल्या राज्यात ते साफ चूक आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, करार रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, नाही केला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं ते मालकाने. डिपॉझिट परत द्यायच्या वेळी ज्यांना अचानक भिंतीवरचे डाग दिसायला लागतात त्यांच्यासमोर हे कलम नुसतं उच्चारलं तरी फरक पडतो.

सेकंड इयरला आहे, ऐरोलीत राहतो. आमच्यातल्या एका दादाने सांगितलं त्याच्या गेमिंगच्या बिझनेसला अकाउंट लागतं, नवीन अकाउंट काढून एटीएम, पासबुक आणि सिम द्यायचं, महिन्याला पाच हजार. मी दिलं, सुरुवातीला पैसे मिळाले पण. आता ते अकाउंट फ्रीज झालं आणि माझं स्कॉलरशिपचं अकाउंट पण. बँक म्हणते दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे. दादा म्हणतो गप बस, महिन्यात सुटतं. बाबा रिक्षा चालवतात, घरी सांगितलं नाहीये. मला जेल होईल का?
नाव नको

जेल होईल की नाही हे तुझी सगळी कागदपत्रं बघून वकीलच सांगेल, पण 'काही होत नाही रे' म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस, कारण त्याचं काही जात नाहीये. काय झालंय ते नीट समजून घे. कुठेतरी एखाद्या रिटायर्ड माणसाला डिजिटल अरेस्टची, म्हणजे 'व्हिडिओ कॉलवरच अटक केलीय' अशी, भीती घालून, नाहीतर शेअरच्या ग्रुपात ओढून पैसे काढले जातात, ते पैसे मिनिटामिनिटात या खात्यातून त्या खात्यात फिरवतात, आणि मधल्या पायऱ्या म्हणजे तुझ्यासारख्यांची खाती. त्या माणसाने १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला की पैसा जिथून जिथून गेला ती खाती एकेक करून अडवली जातात. दादाचं नाव त्या कागदावर कुठेच नाही, तुझं आहे, फोटोसकट. सिमही तुझं.

आज रात्री बाबांना सांग. ओरडतील, कदाचित हात उचलतील, पण पोलीस दारात आल्यावर कळण्यापेक्षा ते बरं. उद्या बँकेत जाऊन लेखी माग की कुठल्या पोलीस स्टेशनचं पत्र आहे, तक्रारीचा नंबर काय, वादातली रक्कम किती आणि पूर्ण खातं अडवलंय की तेवढीच रक्कम. बँकवाले तोंडी उडवून लावतात, तू अर्ज दे आणि पोच घे. दादाचे चॅट, त्याने तुला पाठवलेले पैसे, त्याचे नंबर, यातलं काहीही डिलीट करू नकोस, भीतीने पोरं पहिलं तेच करतात आणि स्वतःच्या बाजूचा एकमेव पुरावा घालवून बसतात. सिम कंपनीच्या गॅलरीत जाऊन बंद करून घे. मग वकिलाला घेऊन नवी मुंबई सायबर पोलिसांकडे स्वतःहून जा. वकील परवडत नसेल तर ठाण्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्याला फुकट वकील मिळतो, रिक्षा चालवणाऱ्याच्या घरासाठीच तर ती सोय आहे.

त्या दुसऱ्या राज्यातून नोटीस आली तर टाळू नकोस, वकिलाला दाखवून त्यात सांगितलं तसं हजर राहा. नव्या बीएनएसएसमध्ये, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ३५ आहे, नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला कारण लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही, आणि जो पळतो त्याला हे संरक्षण मिळत नाही. 'वीस हजार द्या, खातं अनफ्रीज करून देतो' असे एजंट आता तुला शोधत येतील, ती त्याच धंद्याची दुसरी शाखा समज. स्कॉलरशिपचं म्हणशील तर महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरून येणारे स्कॉलरशिपचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात पडतात, ती जोडणी दुसऱ्या खात्याला लावता येते का ते बँकेत विचार, आणि कॉलेजच्या स्कॉलरशिप सेक्शनला खरं कारण सांगून ठेव, म्हणजे पुढचा हप्ता तरी अडकणार नाही.

आणि बाकीच्यांनो, हे दादा प्रत्येक हॉस्टेलात असतात, वडापाव खिलवतात, बाइक देतात, असाइनमेंट देतात. त्यांना वरून खात्यामागे पैसे मिळतात म्हणून.

इंटर्नशिपसाठी अडीच हजार रजिस्ट्रेशन आणि लॅपटॉपचं डिपॉझिट भरलं, आता टेलिग्राम ग्रुपच गायब आहे. काल रात्रीची गोष्ट.
ठाणे वेस्ट

मासिक छापून येईपर्यंत थांबली नसशील म्हणून तुला ईमेलवर लगेच कळवलं होतं, इथे सगळ्यांसाठी: १९३० ला फोन आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, त्याच तासाला, आणि बँकेलाही. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा आहे की ओटीपी-पिन तू स्वतः दिला असलास तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुझं, कळवल्यानंतर खात्यातून आणखी काही गेलं तर ते बँकेचं. म्हणून 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. काम देणारा पैसे मागत नाही, एवढं साधं आहे हे, पण सेमिस्टरला इंटर्नशिप कंपल्सरी केली की पोरं काय करणार, कॉलेजांनीही जरा विचार करावा.

इन्स्टावर ओळख झालेल्या मुलीने व्हिडिओ कॉल केला आणि रेकॉर्ड केलं, आता पैसे मागतायत, 'सीबीआय ऑफिसर'चा पण फोन आला.
घणसोली

एक पैसा देऊ नकोस, दिलास की रेट वाढतो. स्क्रीनशॉट काढ, मग ब्लॉक कर, इन्स्टाची फ्रेंड लिस्ट लपव. सीबीआय व्हॉट्सॲपवर सेटलमेंट करत नाही, आणि डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कुठल्याही कायद्यात नाही. स्टॉप एनसीआयआय म्हणून साइट आहे, तुझ्याकडे तो फोटो किंवा क्लिप असेल तर तिथे तिचा फक्त डिजिटल ठसा घेतात, क्लिप तुझ्या फोनमधून बाहेर जात नाही, आणि फेसबुक-इन्स्टासारख्या ठिकाणी ती चढवायला गेलं तर पकडली जाते. तक्रार १९३० लाच. आणि एका मित्राला सांग, आजच, आज रात्री एकट्याने बसायचं नाही.

मुलगा बाळकुमच्या सब-कॅम्पसला जातो. त्याच्या फोनमध्ये ट्रॅकिंग ॲप टाकावं म्हणतो, म्हणजे आपल्याला सगळं दिसेल. तुमचं मत?
निवृत्त बँक कर्मचारी, घोडबंदर रोड

काका, टाकू नका. तुम्हाला तो कुठे आहे ते दिसेल, काय लपवतोय ते नाही दिसणार, आणि ज्या दिवशी खरंच फसेल त्या दिवशी तुम्हाला सांगायला सगळ्यात जास्त घाबरेल. वर ऐरोलीच्या मुलाचं पत्र वाचा. त्यापेक्षा तुम्ही बँकेत होतात, एखाद्या रविवारी त्याच्या मित्रांना घरी बोलवा आणि फ्रीज झालेल्या खात्यांचे किस्से सांगा, नावं न घेता. मिसळ ठेवा, येतील.

लायब्ररीतून निघायला रात्रीचे दहा होतात, वाशीहून ठाणे लोकल. भीती वाटते.
एमए पार्ट वन

लेडीज डब्यात रात्री पोलीस असतात, तो डबा प्लॅटफॉर्मवर कुठे येतो ते बघून दिव्याखाली थांब. गाडीत काही झालं तर १३९, बाहेर ११२. स्टेशनखालचा सबवे रिकामा वाटला तर गर्दीबरोबर बाहेर पड. शेअर रिक्षात बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढायचा, रिक्षावाल्याला दिसेल असा. कॅम्पसमधलाच कोणी मागे लागत असेल तर तो वेगळा विषय, कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची, समिती कुठे बसते ते ऑफिसात बिनधास्त विचार, नावं बोर्डावर लावणं त्यांना बंधनकारक आहे.

ठाणे स्टेशनवर गर्दीत फोन मारला. आता?
थर्ड इयर, कोपरी

पहिला फोन सिम कंपनीला, नंबर बंद करायला, आणि दुसरा बँकेला, यूपीआय बंद करायला, कारण चोराला फोनपेक्षा ते जास्त हवं असतं. मग रेल्वे पोलिसांत तक्रार, त्याची कॉपी आणि त्याच नंबरचं नवं सिम घेऊन संचार साथीवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, ब्लॉक कर. आयएमईआय फोनच्या खोक्यावर किंवा बिलावर असतो. ज्यांचा फोन अजून खिशात आहे त्यांनी आत्ताच स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून तो नंबर कागदावर लिहून घरी ठेवा, फोनमध्येच सेव्ह करून ठेवू नका म्हणजे झालं.