गाणारे पाठीमागे असतात

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत लाइपझिगला असतो. नोव्हेंबरात अडीच महिन्यांसाठी त्याच्याकडं चाललेय. तिथल्या थॉमस चर्चमध्ये वर्षभर समूहगायन आणि ऑर्गनचे कार्यक्रम होतात, तो मला नेणार म्हणतोय. आम्ही वारकरी, माझ्या गळ्यात माळ आहे. गेलं तर चालेल का? भाषा येत नाही, टाळ्या कधी वाजवायच्या तेही ठाऊक नाही. आणि ऑर्गन म्हणजे पूर्वी संगीत नाटकाला असायचा तोच का?
– एक वाचक, अंबड

उत्तर : ताई, माळेसकट जा. दारात कुणी धर्म विचारत नाही. मी जालन्याचा, जन्मानं ख्रिस्ती, आणि गावच्या सप्त्यात उभी हयात पेटी वाजवली. मला कुणी उठवलं नाही, तुम्हालाही उठवणार नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला तिथं ‘मोटेट’ असतं. थोडं ऑर्गनवादन, मग मुलांचा गायनवृंद, मध्ये प्रार्थना, दोन शब्द, सगळ्यांनी मिळून म्हणायचं एखादं गीत. सव्वा तासाच्या आसपास आटोपतं. दारात कार्यक्रमपत्रिका विकत घ्यायची, तेच तिकीट. ही मैफल नाही, उपासना आहे, म्हणून टाळ्या नाहीत. कीर्तनात बुवांनी चांगली तान घेतली म्हणून आपण कुठं टाळ्या पिटतो? तसंच.

गाणारी पोरं शाळकरी, नऊ-दहा वर्षांपासून अठरापर्यंतची, वसतिगृहात राहणारी. वरच्या पट्टीतलं, बाईच्या गळ्यातून आल्यासारखं भासणारं गाणंही लहान मुलंच गातात. या वृंदाची सुरुवात १२१२ सालची. आकडा तुमच्या ओळखीचा आहे, ज्ञानेश्वरीचा शके १२१२. यांचं मात्र इसवी सन, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या ७८ वर्षं आधीचं. पुढं १७२३ ते १७५० थोर जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याच मुलांना शिकवायला होता. पहिली काही वर्षं तर तो जवळपास दर रविवारी नवी रचना बसवून घ्यायचा. तिथल्या गाण्याला पंचांग असतं ते असं: नाताळाआधीचे चार रविवार, नाताळ, ईस्टरआधीचा उपवासकाळ, शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे), ईस्टर. नाथषष्ठीचे अभंग दिवाळीत कुणी लावत नाही, त्यातलाच प्रकार. तुम्ही जाताय तो सगळ्यात भरलेला काळ.

आता ऑर्गन. नाटकातला तो नव्हे, पण भाऊबंद म्हणा. नाटकातल्या ऑर्गनमध्ये आपल्या पेटीसारखेच आत पितळी सूर (रीड) असतात. फरक एवढाच की पेटीत भाता हवा ढकलतो आणि त्यात ती ओढतो, म्हणून आवाज मऊ. आमच्या चर्चमध्ये असा एक पायानं चालवायचा होता. एका नाताळाला उंदरांनी त्याचा भाता कुरतडला. वाजवणारे काका घामाघूम होईपर्यंत पाय मारत होते आणि आतून नुसतं फुस्स. शेवटी ढोलकी-झांजांवर भजनं झाली. म्हाताऱ्या बायांचं मत पडलं की हेच बरं. मलाही तेच वाटलं होतं, पण काकांचा चेहरा बघून बोललो नाही.

थॉमस चर्चचा ऑर्गन नळ्यांचा आहे. पट्टी दाबली की नळीत वारा शिरतो. बऱ्याचशा नळ्या बासरीच्या जातीच्या, काहींत पिपाणीसारखी जिभली. सर्वांत जाड नळीचा सूर कानाआधी बाकाच्या लाकडात जाणवतो. खर्जाच्या पट्ट्या पायाखाली, त्यामुळं वादक दोन्ही पायांनीसुद्धा सूर वाजवतो. मींड मात्र निघत नाही, ते दुखणं आपल्या पेटीचंच. आता वारा विजेवर भरतात, बाखच्या वेळी भात्यावर माणसं उभी करावी लागत. मोठा ऑर्गन १८८९ चा, पश्चिमेच्या सज्जात. गायनवृंदही तिथंच उभा राहतो, म्हणजे गाणारे तुमच्या पाठीमागे. पहिल्यांदा माना वळतात सगळ्यांच्या. वळवू नका, मान धरेल. समोर बघा, तिथंच बाखची समाधी आहे. कोटही काढू नका, दगडी इमारत आहे.

भाषेची काळजी सोडा. सगळ्यांनी म्हणायचं गीत आलं की बाकीच्यांबरोबर आकारात सूर धरा. एवढी वर्षं टाळकऱ्यांत उभ्या राहिलात, जमेल.

डिसेंबरात एक गोष्ट चुकवू नका, बाखची नाताळाची मोठी रचना, ‘ख्रिसमस ओरेटोरियो’. मूळची सहा भागांची, १७३४ च्या नाताळापासून ६ जानेवारीपर्यंत सहा दिवसांवर वाटलेली. आता बहुधा दोन-तीन भाग एका बैठकीत करतात. सुरुवातीला आधी नुसते नगारे वाजतात, षड्ज आणि खालचा पंचम. तुळजापूरला अंगणात अचानक संबळ सुरू व्हावा तसं. दचकाल. याला मोटेटची पत्रिका चालत नाही, वेगळं तिकीट लागतं आणि ते लवकर संपतं. मुलाला आजच फोन करा.